आडवा पडलेला आठ

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच गोष्टी बिघडल्या, पण एक लेन्स मी अशी बिघडवली की पन्नास फुटांच्या पलीकडचं जग तिला दिसेनासंच झालं. पन्नास फुटांच्या आत माणूस उभा करा, त्याच्या मिशीचे केस मोजून घ्या. त्यापुढे जसजसं जावं तसतसं नुसतं दही, आणि तेही पातळ. बरं, ही चूक काही घाईत किंवा अंगात ताप असताना झाली नाही. भर सकाळी, लख्ख उन्हात, सतरा वर्षांच्या धडधाकट डोळ्यांनी, अगदी मन लावून केली. वर बाबांनी विचारलं तेव्हा सरळ तोंडावर खोटं बोलले. त्या पोरीचा विचार आला की मला आजही तिची वेणी ओढावीशी वाटते. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं घड्याळजीचं भिंग, चालण्यात डॉक्टरीणबाईंचा डौल, आणि स्वतःबद्दल समज असा की आपल्यावाचून नागपुरातल्या अर्ध्या लेन्सा आंधळ्या राहतील.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं, आणि बाहेरून लोखंडी जिन्यानं वर गच्ची. घरमालक अमरावतीला राहायचा, त्यामुळे गच्ची आमचीच असल्यासारखी होती. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खरादी होते, म्हणजे लेथवर धातू कातणारे. तिथं एकदा तापलेल्या लोखंडाचा कीस उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला, तो डोळा गेलाच, आणि पुढे डावाही हळूहळू त्याच्या वाटेनं जायला लागला. नोकरी सुटली. मग त्यांनी कुठूनसा पायानं चालवायचा एक जुना खराद आणला, खिडकीशी मांडला, आणि वर्कशॉपमधल्या साहेबलोकांच्या कॅमेऱ्यांची जी किरकोळ कामं ते हौसेनं करत, ती आता पोटासाठी करू लागले. माय दवाखान्यात आया होती. ती सकाळी अंधारातच भाकरी थापून, वाटीत जवसाची चटणी झाकून निघून जायची. तिच्या बांगड्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा, मग तो बाजाराच्या आवाजात मिसळायचा, आणि त्यानंतर घरात उरायचा तो फक्त खरादाचा आवाज. खर्र, टक. खर्र, टक. मधूनच मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे तेव्हा खिडकीची तावदानं थरथरायची. बाबा म्हणायचे, थांब. मी पाय थांबवायचे. तावदानं शांत झाली की म्हणायचे, चाल.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जुन्या लेन्सा कॅमेऱ्यावर चुडीनं बसायच्या, बरणीचं झाकण फिरवून लावतो तशा. नवे जपानी कॅमेरे आले ते खटक्याचे. लेन्स टेकवली, थोडी वळवली, की टक् करून बसते. आता ज्याचा जुना कॅमेरा मेला पण लेन्स ठणठणीत राहिली, त्यानं काय करायचं? तो बाबांकडे यायचा. बाबा लेन्सचं चुडीचं बूड काढून तिथं पितळेचं खटक्याचं बूड बसवून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, आणि ते नखाएवढं चुकलं तरी लेन्स अधू होते. लेन्स जरा पुढे राहिली की जवळचं लख्ख दिसतं आणि दूरचं कधीच नाही. म्हणून तिच्या अंगाचा धातू तेवढाच खरादावर उतरवून तिला मागे सारावी लागे. हे उतरवणं बाबा बोटांच्या पेरांनी मोजून करायचे, आणि त्यांच्या पेरांना जे कळायचं ते माझ्या भिंगालाही कळत नसे. हात त्यांचे, खरादावरचे पाय माझे, आणि जिथं पाहण्यावाचून गत्यंतर नसे तिथं डोळे माझे.

हे शेवटचं मात्र कोणाला माहीत नव्हतं. नजर गेलेल्या माणसाकडे कोण लेन्स आणून देईल? म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली होती. गिऱ्हाईक आलं की बाबा लेन्स हातात घेऊन ऐटीत खिडकीच्या उजेडात धरायचे, आणि मी त्यांच्या पाठीमागून पाहायचे. काचेवर ओरखडा असला तर मी एकदा खोकायचे. आत बुरशी असली तर दोनदा. मग बाबा गंभीरपणे म्हणायचे, बुरशी हाय आतमंदी, साफ करा लागन. सीताबर्डीचे फोटोवाले थक्क व्हायचे की या माणसाला साध्या डोळ्यांनी एवढं दिसतं. माझ्याबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की पोरीला दमा असावा. एकानं तर अडुळशाचा काढाही सुचवला होता, आणि बाबांनी तो मला आठवडाभर पाजला, गिऱ्हाइकाला संशय येऊ नये म्हणून.

माझी नात प्रज्ञा हैदराबादला असते. तिच्याकडे हल्लीचा तो चपटा कॅमेरा आहे, आत आरसा नसलेला. मागच्या महिन्यात तिनं मोबाईलवर मला दाखवलं: बाजारातून एक कडं मागवलं, आजोबांच्या वेळची चुडीची लेन्स त्यात फिरवली, कडं कॅमेऱ्याला लावलं, झालं. कॅमेराच इतका पातळ की अंतर उरतं, काही उतरवावं लागत नाही. दोन मिनिटांचं काम. "आजी, तुम्ही यालाच दोन-दोन दिवस लावायचे?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो बाई, आम्हाला दुसरा उद्योग नव्हता. ती हसली आणि तिला कोणाचा तरी फोन आला. मी इथं नागपुरातच, बेसा भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. फोन ठेवल्यावर घर कसं होतं ते ज्यांची नातवंडं हैदराबादला आहेत त्यांना सांगायला नको.

तर, दुसरा उद्योग नव्हता हे खरंच होतं. मॅट्रिकला गणितानं मला नापास केलं आणि मी रागानं शाळेलाच नापास केलं. मोठ्या दोघी बहिणी लग्न होऊन भंडारा आणि चंद्रपूरला गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर घरातलं भांडण, हसू, एका ताटातलं ओढून खाणं, सगळंच गेलं. बाबा मुळातच कमी बोलणारे, आणि डोळे गेल्यापासून तर मापापुरतेच बोलायचे. एकदा मी दिवसभरात माझ्याशी बोलले गेलेले शब्द मोजले होते. बावीस भरले, त्यातले सात 'थांब' होते. माय संध्याकाळी यायची ती पायांना खोबरेल चोळत भिंतीला टेकून बसायची. रविवारी तिला सुट्टी असली की पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची, झणझणीत, नाकातून पाणी काढणारा. तो रस्सा भुरकताना आम्ही तिघंही सूं सूं करायचो, आणि त्या आवाजालाच मी गप्पा समजायचे.

गल्लीच्या पलीकडे, आमच्या गच्चीपासून बरोबर पन्नास फुटांवर, एका सिंधी कापडदुकानदाराची गच्ची होती. हे अंतर मी स्वतः मोजलं होतं, लेन्सच्या रिंगवरच्या आकड्यांनी. त्यांच्या घरात चार मुली, आणि त्यांची आई आवाजानं पाचवी मुलगीच. सकाळी त्या गच्चीवर पापड वाळत घालायच्या, लोणच्याच्या बरण्या उन्हात सरकवायच्या, एकमेकींची ओढणी ओढायच्या, आणि हसायच्या. कशाला हसायच्या ते मला कळायचं नाही. भाषा सिंधी, आणि वाऱ्यानं अर्धी उडालेली. एकदा धाकटीनं मला कठड्याशी पाहून हात केला आणि हिंदीत हाक मारली, आ जा ना इधर. आमच्या डॉक्टरीणबाईंनी काय केलं असेल? भिंग डोळ्याला लावलं, लेन्स उचलली, आणि जणू कोणाच्या जिवाचं ऑपरेशन चाललंय असा चेहरा करून पाठ फिरवली. पुन्हा तिनं हाक मारली नाही. मायचा एक दंडक होता, बोलावल्याशिवाय कोणाच्या उंबऱ्यावर जायचं नाही. तिच्या लहानपणी तिच्या माणसांना उंबऱ्याच्या बाहेर उभं ठेवून वरून ओंजळीत पाणी ओतत, ते तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. पण मला तर बोलावलं होतं. मायच्या दुखण्याची मी स्वतःच्या भित्रेपणाला शाल केली आणि ती पांघरून मिरवत राहिले. हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

आता रामटेके गुरुजी. नंदनवनाच्या बाजूला राहायचे, प्राथमिक शाळेत मास्तर, आणि फोटोंचा भारी नाद. त्यांची एक लांब पल्ल्याची चुडीची लेन्स होती, कॅमेरा मरून दोन वर्षं झालेली. साडूनं त्यांना जपानी कॅमेरा दिला आणि ते लेन्स रुमालात बांधून बाबांकडे आले. त्यांची मुलगी सुनंदा पदवीधर झाली होती. त्यांच्या सगळ्या खानदानात, आजोळ-पणजोळ धरून, पदवी घेणारी पहिली. समारंभात घरच्यांना मागच्या रांगांत बसवतात, तिथून स्टेज दीडशे फूट तरी असणार, म्हणून ही लेन्स पाहिजे. तिच्या हातात कागद पडतो त्या क्षणाचा फोटो मला पाहिजे, असं ते दोनदा म्हणाले. बाबांनी मान डोलावली. मी खोकले नाही, लेन्स निर्मळ होती.

बूड बाबांनी फार सुंदर बसवलं. राहिली ती शेवटची तपासणी, आणि ती माझी. त्यासाठी आमच्याकडे एक मेलेला खटक्याचा कॅमेरा होता, पाठ काढून टाकलेला, आणि फिल्मच्या जागी घासलेली काच चिकटवलेली. लेन्स त्याला लावायची, गच्चीवर जायचं, आणि दक्षिणेकडे तोंड करून लांबच्या कापडगिरणीच्या चिमणीवर रोखायची. लेन्सच्या रिंगचे तीन बारीक स्क्रू ढिले करायचे, आतलं अंग फिरवत राहायचं, आणि काचेवर चिमणीच्या कमरेचे लोखंडी पट्टे सुटेसुटे दिसले की रिंग तिच्या शेवटच्या खुणेवर आणून स्क्रू आवळून टाकायचे. ती खूण म्हणजे आडवा पडलेला आठ. त्याचा अर्थ अनंत, म्हणजे त्याच्यापुढे दूर काही नाही. बाबांचा कडक नियम होता, चिमणीच पाहायची. झाड नाही, खांब नाही, समोरचं घर तर मुळीच नाही. कारण रिंग त्या आठापाशी अडते, पुढे जात नाही. तुम्ही ज्याच्यावर स्क्रू आवळाल तेच त्या लेन्सचं अनंत.

मी वर गेले तेव्हा चिमणीकडेच तोंड करणार होते, खरंच. पण पाठीमागून हसण्याचा आवाज आला आणि वाटलं, आधी जरा गंमत पाहू. घासलेल्या काचेवर चित्र उलटं पडतं. आभाळ खाली, गच्ची वर, आणि त्या वर टांगलेल्या गच्चीला चार बहिणी उलट्या चिकटलेल्या. त्या दिवशी त्या नुकत्याच न्हाल्या होत्या. आई सगळ्यात मागे बसलेली, ती थोरलीच्या केसांना तेल लावत होती, थोरली दुसरीच्या, दुसरी तिसरीच्या, आणि सगळ्यात पुढे धाकटी, तिच्यापुढे कोणी नव्हतं म्हणून ती एका मांजरीला तेल लावू पाहत होती. मी आतलं अंग फिरवत गेले. आधी रंगांचे गोळे, मग माणसं, मग केस, आणि मग दुसरीच्या तळहातावरून मनगटाकडे उतरणारं तेल. इतकं स्पष्ट मी माझ्या बहिणींनाही कधी पाहिलं नव्हतं. हात लांबवला तर त्यांना लागेल असं वाटत होतं. मी श्वासही जपून घेत होते, भिंगावर वाफ येऊ नये म्हणून. मांजर पळाली तेव्हा त्या पाचही जणी एकदम हसल्या, आणि इकडे गच्चीवर एकटी मीही हसले, मोठ्यानं. स्वतःचा तो आवाज ऐकून दचकले. इतक्या दिवसांत तो ऐकलाच नव्हता.

किती वेळ गेला माहीत नाही. त्या उठून खाली गेल्या, गच्ची रिकामी झाली, पापड तेवढे राहिले. तेवढ्यात खालून बाबांनी विचारलं, झालं का वं? काचेवर कठड्याची एक एक वीट लख्ख दिसत होती. माझ्या हातांना वाटलं की झालं. हातांनी रिंग आठावर आणली आणि तिन्ही स्क्रू आवळले.

"झालं," मी म्हटलं.

"चिमणी पाह्यली?"

"पाह्यली."

चिमणी माझ्या पाठीमागे होती. मान वळवली असती तरी दिसली असती. पण मान वळवली असती तर आपण इतका वेळ काय पाहत होतो ते स्वतःला सांगावं लागलं असतं.

गुरुजी संध्याकाळी लेन्स घेऊन गेले, घरात दोन-चार माणसांवर रोखून पाहिली, खूश झाले. समारंभ दुसऱ्या दिवशी होता. पाच-सहा दिवसांनी ते परत आले. मला वाटलं पेढे आणले असतील. त्यांनी टेबलावर लेन्स ठेवली आणि शेजारी एक फोटो. ते रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. म्हणाले की तिचं नाव पुकारलं तेव्हा मी रिंग फिरवली, ती आठापाशी अडली आणि समोर सगळा धूर. पुन्हा मागे नेली, पुन्हा आणली. तोवर ती कागद घेऊन उतरलीसुद्धा. फोटोत मधल्या रांगेतल्या कुणा गृहस्थाचं टक्कल होतं, इतकं रेखीव की त्यावर दिव्यांची रांग उमटलेली. आणि त्याच्या पलीकडे, जिथं सुनंदा असायला हवी होती, तिथं एक काळा डाग दुसऱ्या पांढऱ्या डागाकडे हात करत होता.

बाबांनी फोटो नाकाजवळ धरला. मी खोकले नाही. कशाकशासाठी खोकायचं ते आम्ही ठरवलं होतं, पण यासाठी काही ठरलेलं नव्हतं. मग त्यांनी लेन्स उचलली, रिंग आठावर नेली आणि लेन्सच्या नाकावरून अंगठा फिरवला. नाक जिथं आत दबलेलं असायला हवं होतं तिथून ते नखभर पुढे आलेलं होतं. अंगठा थांबला. मला त्या अंगठ्याची भाषा येत होती. त्यांना कळलं होतं, चूक कुठे झाली आणि कोणाची झाली तेही. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, म्हणजे मी जिथं नेहमी उभी असते तिकडे, आणि मी तिथंच होते.

"चूक माही हाय, गुरुजी," बाबा म्हणाले. "मले दिसत नाही आता. दोन वर्षं झाले. मी तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

 गुरुजी फोटो तिथंच ठेवून, लेन्स घेऊन निघून गेले. बाबांनी खरादावर हात फिरवला, तेलाचं फडकं घडी करून ठेवलं, आणि कोपऱ्यातलं गोणपाट आणून खरादावर टाकलं. दोन वर्षं आम्ही दोघांनी खोकून खोकून जे झाकलं होतं ते त्यांनी चार वाक्यांत उघडं केलं, आणि तेही माझ्यासाठी. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मायनं संध्याकाळी विचारलं, खराद काहून बंद हाय? बाबा म्हणाले, हात दुखून राहिला. मी भाकरी मोडत राहिले. पुढचे दोन दिवस त्या घरात इतकी शांतता होती की बाजारात कोणी मिरच्यांचं पोतं टाकलं तरी ऐकू यायचं. मी गच्चीवर जाणं बंद केलं. मालगाडीचे डबे आदळले की मी अजून थांबायचे, आणि मग लक्षात यायचं की आपण काही चालवतच नव्हतो.

तिसरा दिवस रविवार होता. माय रस्सा ढवळत होती. मी तो फोटो वहीत घातला, बाबांची सायकल काढली आणि निघाले. जरीपटक्यापासून नंदनवन म्हणजे त्या वेळी मला परदेशच होतं. वाटेत गिरणीवरून गेले. ती चिमणी, जिला मी दोन वर्षं रोज उलटी पाहत आले होते, ती पहिल्यांदा सुलटी आणि जवळून पाहिली. अंगावर काजळी, बुडाशी बकऱ्या बांधलेल्या. तिनं मला ओळख दिली नाही. द्यावी असं मी वागलेही नव्हते. रस्ताभर मी एक भाषण पाठ करत होते, त्यात 'क्षमस्व' असा शब्दही घातला होता. तो मी मराठीच्या धड्यात वाचला होता आणि केव्हापासून कुठे वापरता येतो का बघत होते.

गुरुजींच्या घरी त्यांच्या बायकोनं मला आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. गुरुजी दारात वर्तमानपत्र वाचत होते आणि सुनंदा तांदूळ निवडत बसलेली. काळा डाग नव्हे, चांगली उंच, सावळी, हसरी मुलगी. तिला पाहिलं आणि भाषण पार गेलं. मी एवढंच म्हणू शकले की डोळे बाबांचे नव्हते, माझे होते. चिमणी मी पाहिलीच नव्हती. आणि पाहिली असं खोटं सांगितलं होतं. मग रडायला लागले, आणि ते काही धड्यातल्यासारखं नव्हतं, नाकबिक वाहत होतं. गुरुजींनी विचारलं, तू इथं आली हे तुह्या बापाले माहीत हाय का? मी नाही म्हणून मान हलवली. सुनंदानं माझ्या वहीतला फोटो ओढून घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली की काही म्हणा बाबा, टक्कल मात्र बेस आलं हाय. तिची आई तोंडाला पदर लावून हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांचं जे हुकलं होतं ते हसण्यानं परत येणार नव्हतं, आणि त्यांनी ते येतंय असं दाखवलंही नाही. पुढे भाड्याचा झगा आणून स्टुडिओत सुनंदाचा फोटो काढला, हातात गुंडाळी केलेला कागद देऊन. तो त्यांच्या भिंतीवर होता. पण तो क्षण नव्हता, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजींनी नंतर काय केलं ते इथंच सांगून टाकते, कारण ते त्यांच्या नावावर लागलं पाहिजे. आठ दिवसांनी ते पुन्हा आमच्याकडे आले, रुमाल सोडला आणि लेन्स टेबलावर ठेवली. बाबांच्या पुढे नाही, माझ्या पुढे. बाबांना म्हणाले, पोट्टीले म्हणा, या वक्ती चिमणी पाह्यजो. बाबांनी स्वतः उठून खरादावरचं गोणपाट काढलं. त्यानंतर गिऱ्हाइकांना उघड माहीत झालं की बघते पोरगी आणि उतरवतो बाप. काही यायचे बंद झाले. काही येत राहिले. माझा दमा मात्र कायमचा बरा झाला.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी मी उठले तेव्हा सुनंदा चपला घालून माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. सायकल मी हातात धरली होती. दोन्ही बाजूंना अर्धी घरं, अर्धी शेतं, ऊन कडक. वयानं ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण मला तिच्याकडे मान वर करून पाहावं लागत होतं. तिनं विचारलं की चिमणी नाही पाहिली, तर मग तेवढा वेळ पाहिलं काय?  मी सगळंच सांगितलं: समोरची गच्ची, चार बहिणी, तेल, मांजर, आणि एकदा मारलेली हाक. रोज पाहायचे, हेही सांगितलं. त्यांना पाहताना मी मोठ्यानं हसले होते, हेही. असं मी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंतरही फारसं नाही. सुनंदा हसेल असं वाटलं होतं. ती थांबली. माझ्या सायकलच्या हँडलवर तिनं हात ठेवला, आणि तिचा जन्माचा एकुलता एक क्षण बिघडवणाऱ्या पोरीला, जराही न रागावता, खरंच काही समजत नसल्यासारखं विचारलं:

"इतकं पाहावं वाटे त मंग खाली उतरून त्याईचं दार काहून नाही वाजवलं वं? पन्नासच फूट त होतं."